कप आणि कपाळ

मुलगा हल्ली कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हता, कपाळाकडे बघत होता. आईच्या डोक्यातून ही एक गोष्ट काही केल्या जात नव्हती. चहाचा कप हातात घेताना तो तिच्या कपाळाकडे बघायचा, वडील काही बोलले की वडिलांच्या कपाळाकडे, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईच्यासुद्धा कपाळाकडे. दोन भुवयांच्या मध्ये, बोटभर वर. बघायचा आणि मान खाली घालायचा. पहिल्यांदा तिला वाटलं, आपल्या कपाळाला काहीतरी लागलंय. म्हणून ती दोनदा आरशासमोर जाऊन कपाळ पुसून आली.

घरात दुसऱ्या कुणाला यात वावगं काही दिसत नव्हतं. "बघतोय ना? मग झालं तर," मुलाचे वडील म्हणाले.

वडिलांनी उभी नोकरी वीज कंपनीत घरोघर मीटर वाचण्यात काढली होती. आकडा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. साथ सुरू झाली तशी त्यांनी बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र आणलं आणि सकाळ-संध्याकाळ घरातल्या प्रत्येकाचं बोट त्यात कोंबायला सुरुवात केली. घरातली बोटं संपल्यावर ते जिन्यात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची बोटं मागू लागले. "मुलाचा अठ्ठ्याण्णव, तुझा शहाण्णव," ते आईला सांगायचे. "तुझ्यापेक्षा तो बरा आहे. तूच जरा दमाने घे."

आता अठ्ठ्याण्णव ऑक्सिजन असलेला मुलगा सहा आठवडे चहा-जेवणापुरताच खोलीबाहेर का येतो, हे त्या यंत्रात दिसायची सोय नव्हती.

तसा हा मुलगा पहिल्यापासूनच नियमाचा पक्का. चौथीत असताना बाईंनी त्याला मॉनिटर केलं आणि सांगितलं, मी येईपर्यंत जो बोलेल त्याचं नाव फळ्यावर लिहायचं. बाई परत आल्या तर फळ्यावर एकच नाव, ह्याचंच. बाईंनी विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, "गप्प बसा असं मी ओरडलो. म्हणजे मी बोललो." बाई हसल्या, घरी आई हसली, पुढची वीस वर्षं येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट सांगून हसवलं गेलं. असं मूल पुढे जाऊन कसं जगेल, हा प्रश्न हसण्याच्या नादात कुणाला पडला नाही.

शिकून तो बिस्किटांच्या कारखान्यात लागला, माल रवाना करायच्या खात्यात. खोकी मोजायची, गाडीत चढवून घ्यायची. साथीत सगळ्या दुकानांना कुलपं लागली, पण बिस्किटं जीवनावश्यक ठरली. गेटवर कामगारांचा ताप मोजायला माणूस हवा होता. रखवालदाराने हात झटकले. "माझं काम माणसं अडवायचं. त्यांच्या तोंडाजवळ जायचं नाही." मग मॅनेजरने ह्याला बोलावून घेतलं, "तू प्रामाणिक आहेस," म्हणाला, आणि हातात पांढरं पिस्तूल दिलं. प्रामाणिक माणसाला बक्षीस म्हणून सगळ्यात नकोसं काम द्यायचं, ही रीत त्या कारखान्यात साथीच्या आधीपासूनच होती.

सकाळच्या पाळीला चारशे कपाळं, दुपारच्या पाळीला तीनशे. पिस्तूल रोखायचं, 'टुक' वाजलं की आकडा बघायचा, "नॉर्मल" म्हणायचं, पुढचा. आठवडाभरात त्याचं नावच नॉर्मल पडलं. "नॉर्मल आला का रे?" "नाही, नॉर्मल रजेवर आहे. आज सगळे ॲबनॉर्मल!" रांगेत खसखस पिकायची. घरीही तेच नाव चालू झालं. आई फोनवर बहिणीला सांगायची, "आमच्या नॉर्मलने हो म्हटल्याशिवाय कारखान्यात पान हलत नाही." संध्याकाळी तो घरी आला की ती विचारायची, "कसा गेला दिवस?" तो सांगायचा, "नॉर्मल." तिचं समाधान व्हायचं. तो शब्द त्याने त्या दिवशी सातशे एकाव्या वेळी म्हटलाय, हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

रांगेत रोज पॅकिंगचे काका असायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अंगाने किडकिडीत, तोंडाने अखंड चालू. टोपी मागे सारून कपाळ पुढे करायचे आणि म्हणायचे, "बघ बाबा, डोकं ठिकाणावर आहे का. घरच्या मंडळींना शंका आहे."

"नॉर्मल, काका."

"असं नुसतं नको. लिहून दे. भिंतीवर लावतो."

यंत्रात मात्र सगळ्यांचा आकडा एक्क्याण्णव, ब्याण्णव यायचा. अंगाचा आकडा अठ्ठ्याण्णवच्या आसपास असतो हे ह्याला माहीत होतं. तो मॅनेजरकडे गेला.

"जास्त येतोय का?" मॅनेजरने विचारलं.

"नाही साहेब, कमी येतोय."

"मग? ताप कमी आहे म्हणून कधी कुणी मेलाय का? नॉर्मल म्हण आणि सोड. रांग बघ केवढी झालीय."

एका सकाळी काका आले ते गप्प. डोळे लाल, ओठ कोरडे. टोपी त्यांनी मागे सारली, पण बोलले काहीच नाहीत. 'टुक.' ब्याण्णव. मुलाचा हात हवेत थांबला. मागून आरडाओरडा सुरू झाला, "अरे, फोटो काढतोस का?" तो म्हणाला, "नॉर्मल." काका आत गेले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही आत गेले. चौथ्या दिवशी इस्पितळात गेले आणि तिथून आले नाहीत. पॅकिंगमधले आणखी अकरा जण तापाने आडवे झाले. ते उठले.

बातमी आली त्या दुपारी मुलगा यंत्र पुसत बसला होता. पुसता पुसता त्याला आकड्याशेजारी एक इवलंसं चित्र दिसलं. कपाचं. बाजूचं बटण दाबलं तर कप जाऊन तिथे माणसाचं डोकं आलं. यंत्र दोन प्रकारे मोजायचं, एक वस्तूसाठी, एक कपाळासाठी. ते बटण कधी आणि कुणाच्या बोटाने दाबलं गेलं होतं, देव जाणे. तीन महिने रोज सातशे माणसं त्याच्यासमोरून कप म्हणून आत गेली होती.

तो पुन्हा मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने दार लावून घेतलं. "हे आता कुणाजवळ बोलू नकोस. लोक उगाच घाबरतील. अशा दिवसांत लोकांच्या मानसिक आरोग्याचा विचार करावा लागतो."

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही.

हे सगळं त्याने आईला एकदाच सांगितलं, स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून, एका दमात. आणि एवढं सगळं ऐकून आई काय म्हणाली? म्हणाली, "अरे, तू काय मुद्दाम केलंस? सोड आता तो विषय. पूर्वीसारखा नॉर्मल हो बघू."

तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला. मग खोलीत गेला.

मग सल्ले सुरू झाले. परगावी असलेली ताई रोज सकाळी उगवत्या सूर्याचं चित्र पाठवायची, खाली ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह राहा'. त्याच दिवसांत 'पॉझिटिव्ह' म्हटलं की लोक दारं लावून घ्यायचे, पण ताईला त्याचं काही नव्हतं. मावशी म्हणाली, "लग्न करून टाका, विचार करायला वेळच उरणार नाही." मामाचा दोरीवरच्या उड्यांवर विश्वास होता, त्याने दोरी पाठवली. ती दोरी घेऊन मुलगा खोलीत गेला तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं. काहीतरी निमित्त काढून तिने ती परत आणली आणि माळ्यावर, गाद्यांच्या मागे टाकली. का टाकली, हे मात्र तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवरच ऐकून घेतलं. "ताप नाही, खोकला नाही. मग मी काय करू? हे माझ्या हातातलं नाही. मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत, नंबर लिहून घ्या. आणि वहिनी, उशीर करू नका."

नंबर लिहिलेला कागद तिने चहाच्या डब्याखाली ठेवला. तिथे तो अकरा दिवस राहिला.

इथे एक सांगायला हवं. आई बी.ए. होती आणि तिचा खास विषय मानसशास्त्र होता. शेवटच्या वर्षी 'मानसिक आजार आणि समाजाचा दृष्टिकोन' या प्रश्नावर तिने बारा पानं लिहिली होती. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती. समाज कसा अडाणी, लोक कसे लपवतात, उपचाराला कसा उशीर होतो, सगळं मुद्देसूद. त्या बारा पानांत समाज ठासून भरला होता. ती स्वतः त्यात कुठे नव्हती.

बाराव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिने तो कागद काढला, मोबाइल घेऊन न्हाणीघरात शिरली, कडी लावली, नळ सोडला आणि फोन केला.

"पाण्याचा आवाज येतोय, जरा मोठ्याने बोला," पलीकडची मुलगी म्हणाली.

मोठ्याने बोलायचं नव्हतं म्हणून तर पाणी सोडलं होतं. "वेळ हवी होती," आई कुजबुजली.

"पेशंटचं नाव?"

बरोबर त्याच वेळी समोरच्या घरातला मुलगा गायला लागला. हा एक जिन्यापलीकडचा गडी, परीक्षा पुढे पुढे ढकलल्या गेल्यामुळे घरात अडकलेला. रोज सहाला गॅलरीत उभा राहून दोन-तीन गाणी म्हणायचा. गळा बरा होता. सुरुवातीला सगळी इमारत खिडक्यांत येऊन टाळ्या वाजवायची. टाळ्या पुढे थांबल्या, त्याचं गाणं थांबलं नाही. न्हाणीघराच्या झरोक्यातून त्याचा आवाज आत आला, पलीकडून पुन्हा "नाव?" आलं, आणि आईच्या तोंडून त्याचं नाव निघून गेलं. आडनावासकट.

"पत्ता?" तिने इमारत सांगितली, तिसरा मजला सांगितला. "फोन नंबर?" इथे तिची अक्कल गुंग झाली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तिने घरच्या फोनचा नंबर दिला.

पुढच्या गुरुवारची, सकाळी अकराची वेळ मिळाली. ऐनवेळी तिथे गेल्यावर नाव दुरुस्त करू, असं तिने ठरवलं. ऐनवेळी करायच्या गोष्टी ठरवायला फार सोप्या असतात.

मंगळवारी दुपारी हॉलमधला फोन वाजला. वडिलांनी उचलला. "हो... हो, समोरच राहतात... कुठून बोलताय?... अच्छा. अच्छा! सांगतो की." फोन ठेवून ते स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांचे डोळे कपाळात गेले होते आणि चेहरा उजळला होता.

"ऐकलंस का? समोरचा पोरगा वेड्यांच्या डॉक्टरकडे जातोय! परवा अकराला. त्यांनी आपला नंबर कसा दिला कोण जाणे."

आईच्या हातातली पळी कढईत पडली. "अहो, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगतोय? मला काय करायचंय?" आणि त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त इमारतीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तेही खबरदारी म्हणून.

बुधवारी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली. 'आपल्या इमारतीत मानसिक आजाराचा एक संशयित रुग्ण आढळला आहे. कुणीही घाबरून जाऊ नये. तिसऱ्या मजल्यावरील जिना व कठडे औषध मारून स्वच्छ करण्यात आले आहेत.' नाव लिहिलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, कारण समोरच्या दाराला पिवळी पट्टी आडवी लावली होती. साथीच्या सुरुवातीला आणलेली पट्टी उरली होती, तीच वापरली. दुधाची पिशवी देणाऱ्याने ती समोर न ठेवता खालच्या पायरीवर ठेवली. लोकांना आता आठवू लागलं की त्याचं गाणं पहिल्यापासून जरा वेगळंच वाटायचं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "सुरात गात होता तोवर ठीक, पण रोज सहाच्या ठोक्याला? हे लक्षण आहे."

दुपारी समोरच्या वहिनी आल्या. पट्टीखालून वाकून आल्या होत्या. मास्क भिजलेला होता. दारापासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

"दवाखान्यातून फोन आला म्हणे तुमच्याकडे?"

आई पदराला हात पुसत राहिली.

"आम्ही कुणाला फोन केलाच नाही हो. मी त्याला खोदून खोदून विचारलं, तू केलास का? तो नाही म्हणतो. मग मला वाटलं, लपवत असेल. आता तो पाणी प्यायला उठला तरी मी बघत बसते, ग्लास कसा धरतो ते." वहिनींनी डोळे टिपले. "तुमचा तो विषय होता ना? तुम्हीच सांगा. इतकं गाणं नॉर्मल असतं का?"

हीच वेळ होती. आईच्या जिभेवर आलं होतं सगळं. "असतं," ती म्हणाली, "म्हणजे... तसं एकदम सांगता येत नाही."

तेवढ्यात वडील मागून यंत्र घेऊन आले. "पाठवा त्याला इकडे. एका मिनिटात बोट बघून सांगतो."

वहिनी वळून पट्टीखालून परत गेल्या. आईने दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली. बारा पानं लिहिली होती म्हणे.

सहा वाजले. मुलाच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. दिवसभर बंद असलेली ती खिडकी रोज सहाला उघडायची आणि साडेसहाला लागायची, हे आईला माहीत होतं. आपला मुलगा अजून कशाची तरी वाट बघतो, या एका गोष्टीच्या आधारावर तिचे सहा आठवडे निघाले होते. आज खिडकी उघडली आणि बाहेरून काहीच आलं नाही. सव्वासहा झाले. ती चहा घेऊन आत गेली.

तो खिडकीशी बसला होता. "आज गाणं नाही?"

"नाही वाटतं."

"का?"

"लोक म्हणताहेत, त्याचं डोकं जरा..."

"कुणी तपासलं?"

"कुणी नाही."

"न तपासता सांगितलं?" तो तिच्याकडे वळला. कित्येक दिवसांत तो इतकं बोलला नव्हता. "मी निदान यंत्र धरून तरी चुकीचं सांगत होतो, आई."

तो तिच्या कपाळाकडे बघत होता. तिचा हात आपोआप कपाळावर गेला. आणि कपाळ झाकून घेतल्यावर, लहान मुलांना वाटतं तसं आपल्याला आता कुणी बघत नाही असं वाटून असेल, तिने सांगून टाकलं. न्हाणीघर, नळ, झरोका, नाव. सगळं.

चहावर साय धरली.

"म्हणजे उद्या अकराला जायचंय ते मला."

"तुला नको असेल तर..."

"मला झोप लागत नाही, आई. डोळे मिटले की रांग दिसते. काका टोपी मागे सारतात आणि काहीच बोलत नाहीत. तू म्हणालीस, सोड. सुटत नाही ते."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. या वेळी तिला शहाणं असं काही सुचलं नाही, हे बरंच झालं.

"येईन मी," तो म्हणाला. "पण माझ्या नावाने. दुसऱ्याच्या नावावर गेटमधून कुणाला सोडायचं नाही, हा नियम होता आमचा. एवढा एक नियम तरी आम्ही नीट पाळला." आणि मग हळूच, "त्याला गायला सांग. त्याला काही झालेलं नाही."

दवाखाना सातला बंद व्हायचा. साडेसहाला पाच मिनिटं होती. आई उठली. सवयीने मोबाइल घेतला, सवयीने पाय न्हाणीघराकडे वळले. कडीला हात लागला आणि तिला चौथीतला तो फळा आठवला, ज्यावर एकच नाव होतं. ती तशीच मागे फिरली.

हॉलमध्ये वडील बातम्यांतले आजचे आकडे बघत होते. तिने रिमोट उचलून आवाज बंद केला.

"अगं, आकडे सांगताहेत!"

तिने जाऊन घराचं दार सताड उघडलं. जिन्यापलीकडे पिवळ्या पट्टीमागचं दार किलकिलं होतं. मग ती हॉलमधल्या फोनपाशी येऊन बसली आणि चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला.

"कुणाला फोन करतेस?" वडिलांनी विचारलं.

"दवाखान्याला. काल तुम्ही उचललात ना फोन, त्यांनाच. नाव चुकलंय, ते बदलायचंय."

"कुणाचं नाव?"

तिने सांगितलं. आडनावासकट, जे वडिलांचंही आडनाव होतं.

वडिलांचा चेहरा पडला. हातातल्या यंत्राकडे त्यांनी एकदा बघितलं, पण त्यात बोट नव्हतं. "अगं, हळू बोल," ते कुजबुजले. "दार उघडं आहे. समोर ऐकू जाईल."

"जाऊ दे की," आई म्हणाली. "समोर ऐकू जावं म्हणूनच तर उघडलंय."

आणि तिने रिसीव्हर उचलला.